लोंबकळणाऱ्यांची चिंच

वैशाखाच्या भर दुपारी आमच्या नरपडच्या वाडीत राबणारा प्राणी एकच, तो म्हणजे माणूस. बाकी सगळ्यांना अक्कल आहे. कुत्रा चिकूच्या आळ्यातली ओली माती उकरतो आणि तिला पोट टेकून पडतो. घोरपड सकाळी ऊन खाते, पोटापुरतं शोधते आणि बिळात शिरते, ती उन्हं कलेपर्यंत तोंड बाहेर काढत नाही. बुलबुल पानाआड चोच उघडी ठेवून गप्प बसलेले असतात. पाणी लांब असलं की अंगातलं पाणी उधळायचं नाही, इतका साधा व्यवहार आहे. फक्त माझा मोठा भाऊ डोक्याला टॉवेल गुंडाळून वाडीभर फिरतो आणि घरात आडव्या झालेल्या प्रत्येकाकडे बघून उसासे टाकतो.

त्याचा खरा राग वाघळांवर. वाडीच्या टोकाला तळं आहे, तळ्यावर वाकलेली जुनी चिंच आहे आणि तिच्यावर वाघळांची वस्ती आहे, माझ्या जन्माआधीपासूनची. दादा त्यांना ऐतखाऊ म्हणतो. दिवसभर लोंबकळायचं आणि रात्री आमचे चिकू खायचे.

लोंबकळणं हा शब्द आमच्या घरात जपून वापरलेला बरा, कारण तो माझा आहे. मी लग्न केलं नाही. वडिलांच्याच घरात राहिले, माझ्या वाटणीची झाडं मीच बघते. तरी कोणी आत्या-मावशी आली की वहिनीला हळूच विचारते, "हिचं अजून लोंबकळलेलंच का?" केस पिकले तरी विचारतात. त्यामुळे वाघळांना कोणी नावं ठेवली की ती परस्पर मला लागतात.

आणि मी त्यांना चांगली ओळखते. त्यांच्या पायांची पकड आपसूक बसते, लोंबकळायला वेगळा जोर लागत नाही. ऊन चढलं की पंखांनी स्वतःलाच वारा घालतात, सावकाश, सुपाने वारा घ्यावा तसा. आणखी तापलं की अंग चाटून ओलं करतात. ती ओल वाळताना गारवा मिळतो, पण ती ओल अंगातलीच असते, रात्रीच्या फळांतून आणि तळ्यातून आणलेली. संध्याकाळपर्यंत त्यात नवी भर नाही. अंधारून आलं की ती तळ्यावरून इतकी खालून जातात की छाती पाण्याला घासते, मग फांदीवर बसून तेच ओले केस चाटतात. पाणी पिण्याची त्यांची ही रीत. याला आळस कोण म्हणेल? ही काटकसर आहे, आणि या दिवसांत छातीला पिल्लू असतं, त्याचा भारही आईवरच.

कासा गावात दादाचा एक मित्र आहे, त्याची आंब्याची बाग. मागच्या उन्हाळ्यात त्याने दुपारी सुतळी बॉम्ब लावून आपलं झाड रिकामं केलं. दुपारीच का, तर तेव्हा सगळी वाघळं घरात सापडतात. मी नंतर त्या बाजूला गेले होते. भर उन्हात घिरट्या घालून घालून त्यांच्या अंगातलं पाणी संपलं होतं. झाडाखाली आया पडलेल्या होत्या आणि काहींच्या पंखांत पिल्लं होती. मला रडू आलं आणि रडण्यापेक्षा संताप जास्त आला.

या वर्षी दादाने तोच बेत केला. आधी बॉम्ब, मग चिंचच तोडायची. मी जेवताना त्याला समजावलं, की आपण चिकू कडक असतानाच उतरवतो, ती खातात ते तोडणीत नजरेआड राहून झाडावर मऊ झालेले. तळ्याकडच्या ओळीला जाळी लाव, मी मदत करते. तो म्हणाला, तुझी जाळी तुझ्या झाडांना लाव आणि माझ्या कामात पडू नकोस. गडी दुपारी यायचे होते.

मग मी खाट उचलली आणि चिंचेखाली नेऊन टाकली. वरून काय काय पडत होतं ते लिहीत नाही. वासाचंही सांगत नाही. वहिनीने हसत हसत छत्री पाठवली, ती उघडून मी आडवी झाले. वर सगळी वारा घेत होती, खाली मी.

दादा आला. त्याच्या हातात पिशवी, मागे दोन गडी. मला बघून गडी पलीकडच्या झाडाखाली जाऊन बसले, त्यांना सावली हवीच होती.

"ऊठ," दादा म्हणाला. "तमाशा करू नकोस."

"ओरडू नकोस. ती झोपलीत."

त्याने बरंच ऐकवलं. हट्टी आहेस, डोक्यावर बसवून ठेवलीय तुला, लोक हसतील. मी छत्री थोडी बाजूला केली आणि एकच विचारलं.

"नव्या ओळीला खुंट कुठून आणलेस?"

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे चिकू आपल्या पायावर उभा नसतो. रायणीचं रोप घेतात, ते चिकूच्या फांदीला बांधून भेटकलम करतात. खाली मूळ रायणीचं, वर फळ चिकूचं. त्या रायणीच्या रोपाला खुंट म्हणतात. रायण हे रानचं झाड, पिवळी गोड फळं येणारं, आणि वाघळांना ती फार आवडतात. ती कुठूनकुठून खाऊन येतात आणि बिया चिंचेखाली टाकतात. बाबा पावसाळ्यात इथूनच रोपं काढायचे. दादाही इथूनच काढतो. माझ्या खाटेच्या चारही पायांशी ती उगवलेली होती.

दादा खाली बघत राहिला. एक रोप त्याच्या चपलेखाली आलं होतं, त्याने पाय उचलून बाजूला ठेवला. मग पिशवी घेऊन गेला. गडी जरा वेळाने उठले.

दुसऱ्या दिवशी जेवून मी पुन्हा चिंचेकडे निघाले. मला त्याचा भरवसा नव्हता, बॉम्ब अजून घरातच होते. लांबूनच दिसलं की खाटेवर कोणीतरी आहे. छत्री उघडून, टॉवेल तोंडावर घेऊन दादा पडला होता. भर दुपारी आडवा झालेला दादा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"ती माझी खाट आहे," मी म्हटलं.

त्याने टॉवेल काढला नाही.

"चिंचही तुझीच समज," तो म्हणाला. "आणि हळू बोल. ती झोपलीत."