एका चिठ्ठीवर एकच दुखणं

दवाखान्याच्या खिडकीत बसून ती सतरा वर्षं चिठ्ठ्या लिहितेय. नेमणूक झाडूवालीची, अक्षर बरं म्हणून खिडकीत बसवली आणि पगार झाडूचाच ठेवला. सगळे तिला चिठ्ठीमावशी म्हणतात. नियम वरून आलेला: एक चिठ्ठी, एक तक्रार, म्हणजे रांग लवकर सरते. रांग सरायची खरी. आजार तिथंच.

इस्त्रीवालीची दहा वर्षांची लेक दीड महिन्यात तिसऱ्यांदा आली. आधी घसा, मग गुडघा. आज घोटा सुजलेला.

“गुडघा कसाय गं?”

“तो दुखायचा राहिला. आता इथं आलंय.”

“वाढीचं दुखणं हो,” आई म्हणाली. “जिना चढताना दम लागतो म्हणते. पाणी आणायला सांगितलं की हटकून लागतो!”

मावशीचं पेन थांबलं. गेल्या वर्षी आम्ही आरोग्यसेविकांनी वस्तीत शिबिर घेतलं होतं. मावशी आली ती पंख्याखाली बसायला, पण एक गोष्ट तिच्या कानात राहिली: घसा धरून गेला, मागून सांधे एकेक करून सुजले, की हृदय तपासून घ्या.

तिनं जुन्या चिठ्ठ्यांच्या पोत्यातून पोरीच्या आधीच्या दोन शोधल्या, तिसरीला टाचणीनं जोडल्या आणि स्वतः आत नेऊन दिल्या.

“एका वेळी एकच, माहीत नाही?” डॉक्टर वैतागले. ते नवे, इथं कुणी वर्षभर टिकत नाही.

“दुखणं एकच आहे साहेब. चिठ्ठ्या तीन झाल्या.”

“तू कधीपासून डॉक्टर?”

“मी कसली डॉक्टर! टाचणी लावली फक्त.”

त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या. मुलीला डाव्या कुशीवर निजवून छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले.

“आत झोपलात काय?” रांगेतून कुणीतरी ओरडलं.

“मोठ्या इस्पितळात न्या, आजच,” डॉक्टर आईला म्हणाले. “तोवर दुखण्याची गोळी देऊ नका. सूज उतरली तर आजार लपतो.”

गुडघ्याच्या वेळी तीच गोळी इथूनच दिली होती.

मोठ्या इस्पितळात तपासलं, तर हृदयाची एक झडप गळत होती. थोडी. दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन, कित्येक वर्षं. चुकवलं नाही तर झडप वाचेल, असं तिथं सांगितलं.

नियमाचा कागद अजून भिंतीवर आहे. खाली टाचण्यांची डबी आहे, आणि आलेल्या प्रत्येक पोराला मावशी विचारते, “याआधी कुठं दुखत होतं?”

इस्त्रीवालीची लेक दर एकविसाव्या दिवशी येते, सुई घेते आणि कंबर चोळत खिडकीशी थांबते.

“मावशी, तुझी टाचणी बरी होती.”