लालभडक दिसलेला कांद्याचा पट्टा

परवा रविवारी माहेरी, अवसरी बुद्रुकला गेले होते. कांदा काढून रान मोकळं झालेलं, आणि ओट्यावर मेंढपाळ भिवाभाऊ बसलेले. यंदा कळप आमच्या रानात मुक्कामाला बसवायचा का, एवढंच विचारायला आले होते... आयतं लेंडीखत मिळतं ना!

माझा दादा मात्र ठाम. "न्हाई भाऊ, आता नको. लेंड्यांतून नुसत्या बाभळी उगवत्यात."

आप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, चेहराच उतरला. त्यांच्या वडिलांपासूनचा हा राबता, आणि पोरगा असा तोंडावर तोडतोय...

मी ओतूरला कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वादात लॅपटॉप उघडायची मला खोड आहे. उपग्रहाचे फोटो फुकट मिळतात. कांदा भरात होता तेव्हाचा आमच्या रानाचा फोटो लॅपटॉपवर उतरवून घेतला.

गंमत म्हणजे एका फोटोच्या तीन फायली आल्या, तिन्ही काळ्या-पांढऱ्या! एक हिरव्या प्रकाशाची, एक लाल, आणि एक डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडची. कमांड लाइनवर, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत, एक ओळ टाइप केली आणि तिन्हींची मिळून एक रंगीत फाइल झाली.

सगळं रान फिकट गुलाबी... आणि विहिरीकडचा पट्टा लालभडक!

"बघा! लाल म्हंजी रोगट. करपा पडला व्हता, तो ह्योच पट्टा," दादा म्हणाला. मीही मान डोलावली. भिवाभाऊ जायला उठले.

मग मलाच काहीतरी खटकलं. कमांडमध्ये जी फाइल पहिली द्यावी, ती लाल रंगात उमटते. मी पहिली दिली होती इन्फ्रारेडची, आणि तरारलेलं पीक इन्फ्रारेडमध्येच सगळ्यात जास्त चमकतं... म्हणजे लाल तेच सगळ्यात जोमदार! इन्फ्रारेडची फाइल हिरव्याच्या जागी देऊन कमांड पुन्हा चालवली. तोच पट्टा हिरवागार झाला.

पण तेवढाच पट्टा का?

भिवाभाऊ हळूच म्हणाले, "दिवाळीनंतर मेंढरं तिथंच बसली व्हती. चार मुक्काम झाल्यावर दादांनी उठवली, फुडं सरकू दिली न्हाई."

दादा उठला. मग चपला घालून म्हणाला, "चला भाऊ, ऱ्हायलेलं रान दावतो. पार बांधापर्यंत बसवा."

आप्पा चहा सांगायला आत गेले. त्यांचे डोळे भरून आले होते.

माझी चूक निस्तरायला एक कमांड पुरली. दादाला त्याची चूक पाहुण्यासमोर, आपल्याच ओट्यावर कबूल करावी लागणार होती... आणि त्यानं ती कबूल केली. लई अभिमान वाटला राव त्याचा!