लोखंडाचं पोर सांगणारी बाई

कौशल्याबाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या पडद्याच्या उलट्या बाजूला. एकसष्ट साल असावं. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ च्या मैदानात दोन बांबूंना पांढरं कापड ताणून रशियन लोकांच्या क्लबातला एक सिनेमा दाखवत होते. पुढे बसायला जागा उरली नव्हती, म्हणून मी शाळेतली पोरं घेऊन कापडाच्या मागच्या बाजूला बसलो होतो. तिथून चित्र उलटं दिसायचं, एवढंच.

त्या सिनेमात खरी माणसं नव्हती. सगळी हातानं काढलेली चित्रं, पण चालणारी, बोलणारी. बोलणं सगळं रशियन. एका लोहारानं मोडक्या नांगराच्या लोखंडातून एक पोर घडवलं होतं आणि ते बर्फातून दारोदार फिरत होतं. कशासाठी, ते कोणालाच कळेना. पोरं चुळबुळ करू लागली, एकमेकांना चिमटे काढू लागली. तेवढ्यात मागून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"थो म्हणून राहिला, मले आत घ्या. मी तुमचं पाणी भरीन, लाकडं फोडीन. अन् थे म्हातारी म्हणते, काम कर, पण उंबऱ्याच्या भायेर बस."

पोरं गप्प झाली. मी वळून पाहिलं. तिशीची, काटक बांध्याची बाई उभी होती. लुगड्याचा काष्टा घट्ट, खांद्यावर सोनेरी केसांची एक रशियन मुलगी झोपलेली, हातात पितळी लोटा. ती पडद्याकडे बघत सिनेमा सांगत होती, आणि काय सांगत होती! बर्फाला ती "मैदा सांडल्यावानी" म्हणाली. टेबलाभोवती जेवायला बसलेल्या माणसांना "पंगत" म्हणाली. हळूहळू पुढे बसलेले लोकही उठून मागच्या बाजूला यायला लागले.

सिनेमाच्या शेवटी गावातली माणसं सरकून सरकून त्या पोराला टेबलाशी जागा करून देतात. त्याच्यापुढे ताट ठेवतात. लोखंडाचं पोर, ते काय जेवणार? नुसतं बसून राहतं. ताटातल्या वाफेनं त्याच्या गालावर पाणी साचतं आणि ओघळतं.

"रडून नाई राहिला थो," कौशल्याबाई म्हणाल्या, "वाफ हाय थे."

त्यावर आमच्यातल्या निम्म्या बाया रडल्या.

सिनेमा संपल्यावर कोणीतरी घागर फिरवली. सगळे पाणी प्यायले. कौशल्याबाई आपल्या लोट्यातलं प्यायल्या. त्यांना कोणी विचारलं नाही, त्यांनीही मागितलं नाही.

त्यांची हकिगत मला नंतर थोडी थोडी कळली. कारखान्याचे पाये खणत होते तेव्हा त्या नवऱ्याबरोबर, देवाजीबरोबर, गोंदियाकडच्या गावातून इथं आल्या. देवाजीचा थोरला भाऊ बाबुलाल, म्हणजे त्यांचा भासरा, बरोबर होता. तिघंही माती वाहायची. दुसऱ्या पावसाळ्यात देवाजी काविळीनं गेला. जया नावाची पाच वर्षांची मुलगी मागे राहिली. बाबुलाल पुढे कारखान्यात कायम झाला, त्याला क्वार्टर मिळालं. कौशल्याबाईंना एका रशियन इंजिनियरच्या घरी मुलगी सांभाळायचं आणि भांड्यांचं काम मिळालं. त्याच स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्या रशियन शिकल्या. लिहिता-वाचता त्यांना कुठलीच भाषा येत नव्हती.

त्या घरात गायीचं मांस शिजतं, आणि ती भांडी ही बाई घासते, ही गोष्ट जातीच्या बैठकीत गेली. बैठकीनं ठरवलं की हिच्या हातचं पाणी जो पिईल, त्याच्या घरात मुलगी द्यायची नाही आणि घ्यायची नाही. बाबुलालनं जयाला आपल्याकडे ठेवून घेतलं.

"पोरीच्या लग्नाचा सवाल हाय," तो म्हणाला. "तू ये ना भेटाले. कोण नाई म्हणते?"

त्या दर रविवारी जायच्या. क्वार्टरच्या पायरीवर बसायच्या, आपला लोटा शेजारी ठेवायच्या. रशियन बाईनं दिलेली लोकरीची शाल त्यांनी जावेला, रंभाबाईला दिली. एक घड्याळ दिलं. घड्याळ आत भिंतीवर लागलं. जया माझ्या वर्गात होती, हुशार, अक्षर सुंदर. ती रंभाबाईला आई म्हणायची आणि कौशल्याबाईंना काकी. हे कोणी शिकवलं, मी विचारलं नाही. मुलं घरातली हवा ओळखतात.

मधल्या वर्षांत लोखंडाच्या पोराचा तो सिनेमा भिलाईत पुष्कळदा लागला. गणपतीत तर हमखास. क्लबाचं मशीन चालवणारा हिरालाल सायकलवरून आधी कौशल्याबाईंना सांगायला जायचा, मग मशीन आणायला. एकदा मी त्यांना म्हणालो, "तुमच्या सिनेमाला लोक फार रडतात हो."

"रडू द्या ना गुरुजी. रडाले काय लागते?"

अडुसष्टमध्ये जयाचं लग्न ठरलं. मुलगा गोंदियाचा, सासरा पंजाबराव रेल्वेत गार्ड. एका दुपारी कौशल्याबाई शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

"गुरुजी, भासऱ्यानं बोलावलं! सोता आले होते बंगल्यावर. म्हणाले, लग्नात ये. अन् सायेबाले सांगून थो सिनेमा बी आण, मशीन बी आण, पावण्याइले दाखवू. मंग बोलावणंच झालं ना हे?"

"झालं की," मी म्हणालो.

"म्हंजे पंगतीत बसवतीन. पोरीच्या सासरच्याइपुढं सांगतीन, हे माय हाय म्हणून. दुसरं मले काई नाई पायजे."

लग्नाच्या दिवशी त्या नवं जांभळं लुगडं नेसून आल्या. हात मोकळे होते. लोटा घरी ठेवून आल्या होत्या. सात-आठ वर्षांत मी त्यांना लोट्याशिवाय पाहिलं नव्हतं.

अक्षता पडल्या. दिवेलागणीला क्वार्टरपुढच्या मैदानात हिरालालनं कापड बांधलं. पंजाबराव खुर्चीत पान चघळत बसले होते, शेजारी बाबुलाल उभा. कौशल्याबाई मशीनजवळ, हाताच्या अंतरावर.

"थे बाई कोण हो, व्याही?" पंजाबरावांनी विचारलं.

"थे? रशियनच्या बंगल्यावरची आया. सिनेमा सांगते. लय मजा येते पाहा."

"अस्सं. अन् पोरीची जन्माची माय?"

"थे तं कवाचीच गेली. पोरगी लहान होती तवाच."

पंजाबरावांनी मान हलवून दुःख दाखवलं. हिरालालचा हात मशीनवरच थांबला. त्यालाही सगळं माहीत होतं.

"चालू करू का, बाई?" तो हळूच म्हणाला.

"कर."

आणि त्यांनी सिनेमा सांगितला. पहिल्यापासून, नेहमीसारखाच. म्हातारीचा आवाज म्हातारीचा, लोहाराचा लोहाराचा. वऱ्हाडातली पोरं हसली, जिथं हसायचं तिथं. मुंडावळ्या बांधलेली जया नवऱ्याशेजारी बसून पडद्याकडे बघत होती. शेवटी ते टेबल आलं, माणसं सरकू लागली, ताट आलं.

"अन् मंग थे लोकं त्याले पंगतीत बसवतेत," कौशल्याबाई म्हणाल्या. "सिनेमात बसवतेत."

वाफेचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही.

"बिच्चारं लेकरू," पंजाबराव उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले. "काय दगडाचे लोकं असतेत एकेक!"

इतकं बोलून बोलून घसा कोरडा पडला होता. कौशल्याबाई रंभाबाईंकडे वळल्या आणि म्हणाल्या, "जाऊबाई, पाणी द्या जरा." रंभाबाई तांब्या घेऊन आल्या. कौशल्याबाईंनी हात पुढे केला, तांब्या घ्यायला. रंभाबाईंनी तांब्या उंच धरला आणि वाट पाहिली. बाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्या वाकल्या, ओंजळ केली, आणि वरून ओतलेलं पाणी प्यायल्या. नव्या लुगड्यावर पाणी सांडलं.

"तुमचं जेवणाचं पान घरी पाठवून देते हं," रंभाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. लग्नघरात शंभर कामं असतात, त्यातलं एक उरकल्यासारखा आवाज.

पंगती बसल्या. मीही बसलो, जेवलो. मुलगी निघाली तेव्हा ती एकेका मोठ्या माणसाच्या पाया पडत आली. माझ्या पडली. फाटकाशी कौशल्याबाई उभ्या होत्या. जया त्यांच्यापुढे वाकली, पण हात पायापर्यंत नेले नाहीत. मागे सासू उभी होती. कौशल्याबाईंनी तिच्या डोक्याच्या जरा वर हात धरला आणि म्हणाल्या, "सुखी राय."

पान खरंच पाठवलं. हिरालालच मशीनबरोबर सायकलवर घेऊन गेला. "तूच खा रे," त्या म्हणाल्या आणि दार लावलं, असं त्यानं मला सांगितलं. त्यानंतर तो सिनेमा पुन्हा लागला तेव्हा त्या आल्या नाहीत. लोक थोडा वेळ बसले आणि उठून गेले.

पुढच्या वर्षी रशियन कुटुंब आपल्या देशी परतलं. ती सोनेरी केसांची मुलगी आता चांगली मोठी झाली होती, ती स्टेशनवर त्यांच्या गळ्यात पडून रडली. मग कौशल्याबाईंनी शेजारच्या दुर्ग शहरात घरकामं केली. बाबुलाल, रंभाबाई दोघंही गेले. बैठकीतले म्हातारेही गेले. आता तसलं काही कोणी विचारत नाही. जया गोंदियाला आहे, तिला दोन मुलगे. एकदा धाकट्याला घेऊन भेटायला आली होती.

"ह्या आमच्या काकी," तिनं त्याला सांगितलं. "पहले सिनेमा सांगायच्या."

सवय झाली असेल, किंवा आता बदलायचं म्हणजे मुलाला सगळंच सांगावं लागलं असतं.

कौशल्याबाई हल्ली दुर्गातल्याच बोरसी भागात एका शिंप्याच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहतात. सकाळी नळ आला की आपलं पाणी भरतात, आणि वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला जिना उतरवत नाही, म्हणून त्यांच्याही दोन घागरी भरून देतात.