स्टेशनसमोरची फक्कीची रेघ

मास्तर म्हणजे शाळेतले कवायत मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. अंघोळीच्या वेळी ती खुंटीवर टांगली जाई, एवढाच काय तो तिला विसावा. निवृत्तीनंतर चारचौघांचे गुडघे दुखतात, झोप कमी होते. मास्तरांचं दुखणं एकच, रांगेत उभं करायला आता कोणी मिळत नाही. घरात बायको एकटी, आणि एका माणसाची रांग कितीही शिट्ट्या फुंकल्या तरी होत नाही.

गल्ली त्या बायकोला मास्तरीणबाई म्हणे. बाईंनी जन्मात कोणाला काही शिकवलं नव्हतं. मास्तरांना शिकवायचा प्रयत्न त्यांनी लग्नानंतर लवकरच सोडून दिला होता.

घर स्टेशनच्या अगदी समोर. पण स्टेशन आपलं म्हणायला. वाटेतला रेल्वेपूल खचला तेव्हा ही उपनगरी लाइन बंद पडली, ती पडलीच. रुळांत गवत माजलं, तिकीट खिडकीत कबुतरांनी संसार थाटला, आणि स्टेशनपुढचं मोकळं आवार गल्लीतल्या मंडळींनी आपापल्या गाड्या लावायला घेऊन टाकलं. कोणी कोणाला विचारलं नाही. जमीन रेल्वेची, पण इतकी वर्षं एके ठिकाणी गाडी लावली की माणसाला वाटायला लागतं, ही जागा आपल्या आजोबांनीच खणून सपाट केली होती. मास्तरांचीही एक जुनी गाडी तिथे पादचारी पुलाच्या जिन्यापाशी ताडपत्री पांघरून उभी असे. दर रविवारी ताडपत्री काढायची, गाडी पुसायची, इंजिन थोडं घुरघुरवायचं आणि परत ताडपत्री घालायची. गाडीनं कुठे जायचं असतं ही गोष्ट मास्तरांच्या आणि गाडीच्या, दोघांच्याही विस्मरणात गेली होती.

गाडी उभी राहण्याला कारणही होतं. मास्तरीणबाई गाडीत बसल्या की पहिल्या वळणालाच त्यांच्या पोटात ढवळायला लागे. बसमध्ये तर विचारूच नका. रेल्वे मात्र त्यांना सोसत असे. खिडकीशी बसलं, की थेट शेवटच्या स्टेशनपर्यंत त्या सुखानं जात. त्या शेवटच्या स्टेशनाजवळच लेक दिली होती. लेक दवाखान्यात नर्स, पाळ्या बदलत्या, दोन बस बदलून माहेरी यायचं तर सुट्टीचा दिवस रस्त्यातच संपे. नात बोलायला लागली ती आजीशी फोनवरच. एकदा तिनं विचारलं, "आजी, तू फोनमध्येच राहतेस का गं?" बाई हसल्या. फोन ठेवून स्वयंपाकघरात गेल्या, आणि बराच वेळ नळ सोडून नुसत्याच उभ्या राहिल्या.

ते मास्तरांनी पाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी कंबर कसली. लाइन पुन्हा सुरू झाली पाहिजे. इथे त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे, नाहीतर पुढे त्यांची जी हजेरी घ्यायची आहे ती घ्यायला मला तोंड राहणार नाही. त्यांनी जिवाचं रान केलं. दारोदार फिरून सह्या गोळा केल्या, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, ज्या साहेबांनी टोलवाटोलवी केली त्यांच्या दारात सावधान उभे राहिले आणि साहेब जेवायला बाहेर पडेपर्यंत हलले नाहीत. शेवटी पूल बांधला गेला, कबुतरांना दुसरं बिऱ्हाड शोधावं लागलं, आणि एका सकाळी खरोखरच गाडी आली. गार्डनं शिट्टी मारली, मास्तरांनीही मारली. ड्रायव्हर गोंधळून थोडा वेळ तसाच थांबून राहिला. मास्तरीणबाईंनी ठेवणीतला रुमाल काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता या आठवड्यात जाऊच."

पण त्याच आठवड्यात बाहेरचे आले.

बाहेरचे म्हणजे कोणी परके नव्हेत. पलीकडच्या नव्या वसाहतींत राहणारी नोकरदार माणसं. लाइन सुरू झाली म्हणून आनंदानं गाड्या घेऊन स्टेशनवर यायला लागली, त्या आवारात लावायला लागली, आवार भरलं तेव्हा गल्लीत, आणि गल्ली भरली तेव्हा एकानं थेट मास्तरांच्या फाटकासमोर. सकाळी मास्तर दूध आणायला निघाले, तर फाटक उघडेना. त्यांना दुधाची किटली डोक्यावर धरून कुंपणावरून उतरावं लागलं. हे गल्लीतल्या शिंप्यानं आपल्या दुकानातून पाहिलं आणि दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला रंगवून सांगितलं. मास्तरांचं पित्त खवळायला एवढं पुरेसं होतं.

संध्याकाळी गल्लीची बैठक मास्तरांच्या ओसरीवर भरली. सगळ्यांच्याच डोळ्यांत बाहेरचे खुपत होते. प्रत्येकाच्या दोन दोन गाड्या, एक रोजची आणि एक असावी म्हणून असलेली, आणि दोन्हींना आवारात जागा पाहिजे. मास्तरांनी बाहेरच्यांना बंदीचा ठराव मांडला. टाळ्या पडल्या. इतक्या वर्षांनी समोर रांगेत बसलेली माणसं मिळाली होती, मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढले ते तिथून उतरलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी माळ्यावरून पोतं काढलं. शाळेच्या मैदानावर धावपट्ट्या आखायला वापरायची ती पांढरी फक्की, आणि ती सोडायचं चाकाचं डबडं. मान एका बाजूला कलती करून, एक डोळा मिटून, मास्तरांनी आवारात असे चौकोन आखले, की शर्यती लावाव्यात. प्रत्येक चौकोन एकेका घराचा. आवाराच्या तोंडाशी साखळी. साखळीवर फलक: ‘हे आवार व लगतचे रस्ते फक्त रहिवाशांसाठी. वय पाहिले जाणार नाही. कारण ऐकले जाणार नाही.’ ही शेवटची दोन वाक्यं त्यांची शाळेतली. उशिरा आलेल्या पोरांना ते हेच सांगत आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावत.

रेल्वेच्या आवारात रेल्वेनं आणलेल्या उतारूंना बंदी. कोणीतरी हरकत घेईल असं वाटलं होतं, पण रेल्वेचं म्हणणं आवार नगरपालिकेनं पाहावं, आणि नगरपालिकेचं म्हणणं ते रेल्वेनं पाहावं. दोघांनीही कानावर हात ठेवले. पाहायला उरले मास्तर. सकाळी खुर्ची टाकून साखळीशी बसत. कोणी गाडी वळवली की शिट्टी. कोणाची आई दवाखान्यात, कोणाची परीक्षा, कोणाचा नोकरीचा पहिला दिवस. मास्तर फलकाकडे बोट दाखवत. माणसं चार शिव्या घालून परत रस्त्याला लागत आणि थेट गाडीनंच शहरात जात.

"मास्तर," शिंपी एकदा दातांत टाचणी धरून म्हणाला, "रेल्वे आणलीत ती माणसांनी बसावं म्हणून ना?"

"बसू देत की. मी कुठे अडवलंय? चालत यावं."

"त्या वसाहतीतून?"

"आम्ही शाळेत असताना चालत नव्हतो?"

शिंप्यानं टाचणी तोंडातून काढून कापडाला लावली. तो बोलून वाईट व्हायला तयार नव्हता, कारण त्याचीही गाडी चौकोनात होती.

कीर्ती पसरली. पुढच्या स्टेशनाजवळच्या लोकांनी मास्तरांना बोलावणं पाठवलं. तिथला पुढारी होता औषधांच्या दुकानाचा मालक, मास्तरांचाच जुना विद्यार्थी, एके काळी उशिरा येऊन मैदानाला भरपूर फेऱ्या मारलेला. त्यानं सरांना सभेत पहिल्या खुर्चीवर बसवलं. मास्तर तासभर बोलले. दयामाया दाखवली की मेलात, असं म्हणाले. आज म्हातारं सोडाल, उद्या लंगडं सोडाल, परवा सगळा गाव आत येईल. मग फलकाचा मजकूर त्यांनी स्वतः फळ्यावर लिहून दिला, तिथल्या आवारात पहिली फक्कीची रेघ स्वतःच्या हातानं मारली, आणि जाताना आपली जास्तीची शिट्टी विद्यार्थ्याला भेट दिली. त्या दिवशी घरी येऊन ते दोन घास जास्त जेवले.

आणि मास्तरीणबाई? त्या विचारत होत्या. "या आठवड्यात जाऊ या का?"

"या आठवड्यात नको. मी इथून हललो की संपलं. सगळे टपून बसलेत."

"मग पुढच्या?"

"बघू."

लेकीला पाळ्यांमुळे सुट्टी मिळत नव्हती, आणि एकट्या जायला बाईंना कोणी अडवलं नव्हतं. पण नातीला पहिल्यांदा नीट भेटायचं ते दोघांनी, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी पिशवी भरून ठेवली होती. नातीसाठी विणलेला स्वेटर त्यात होता. थंडी सरत आली, तसा एकदा त्यांनी तो बाहेर काढला, बाह्या थोड्या उसवून लांब केल्या आणि परत ठेवला. मास्तर तेव्हा खिडकीतून साखळीकडे पाहत होते.

मधे रेल्वेचा एक अधिकारी येऊन फलाटावर बसून गेला. गाड्या येत, दार उघडे, दार मिटे. चढणारं कोणी नाही, उतरणारं एखादं. जाताना तो मास्तरांच्या खुर्चीपाशी थांबला. त्याला ती खुर्ची म्हणजे चौकशीची जागा वाटली.

"काका, इथून गाडीला कोण जातं?"

"हे आमचं स्टेशन आहे," मास्तर म्हणाले. "आम्ही भांडून मिळवलंय."

"ते कळलं. पण जातं कोण?"

मास्तरांनी मागे पाहिलं. चौकोनांत गाड्या ओळीनं उभ्या होत्या, एकही रेघेबाहेर नाही. ही शिस्त साहेबाच्या नजरेत भरली असणार, असं त्यांना वाटलं. साहेबानं मान हलवली आणि काढता पाय घेतला. पुढे फलाटावर एक सूचना लागली. पण मास्तरांची पाठ कायम फलाटाकडे आणि तोंड रस्त्याकडे, त्यामुळे ती त्यांनी वाचली नाही.

अखेर मास्तरीणबाईंचा धीर सुटला. सकाळी त्यांनी ठेवणीतले कपडे घातले, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "मी जाते. तिला सांगून ठेवलंय, पोरीला घेऊन ती स्टेशनवर येणार आहे. तुम्ही सांभाळा तुमचं आवार."

मास्तर ओशाळले. "थांब, गाडीत बसवून देतो," म्हणाले, आणि साखळीवर शिंप्याला नेमून बरोबर निघाले.

फलाटावर ती दोघंच. गाडी लांबून दिसली. बाईंनी पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळला. गाडी जवळ आली, मोठा भोंगा दिला, आणि तशीच धडधडत निघून गेली. वाऱ्यानं बाईंचे केस विस्कटले. मास्तरांनी सवयीनं शिट्टी फुंकली, पण रेल्वेनं तिला भीक घातली नाही.

तेव्हा सूचना वाचली गेली. ‘उतारूंअभावी या स्थानकावरील थांबा रद्द. प्रवाशांनी पुढील स्थानकावरून बसावे.’

बाई पिशवीचा बंद मनगटावरून सोडवायला लागल्या, आणि मास्तरांना त्याचीच धास्ती वाटली. "चल," ते घाईनं म्हणाले, "आपली गाडी आहे की. पुढच्या स्टेशनवर दुसरी मिळेल. मी येतो तुझ्याबरोबर, थेट लेकीकडे. दोघंच जाऊ. आवार गेलं खड्ड्यात." आणि हे ते मनापासून बोलत होते. ताडपत्री ओढून काढली. पुष्कळ वर्षांत पहिल्यांदाच ती गाडी आपल्या चौकोनाबाहेर पडली. वळणं आली. बाई काच खाली करून, ओठ घट्ट मिटून, पिशवी पोटाशी धरून बसल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. नात स्टेशनवर येणार आहे, एवढं एकच त्या मनात घोकत होत्या.

पुढच्या स्टेशनाशी साखळी होती. साखळीशी खुर्ची होती. खुर्चीतून औषधवाला उठला आणि त्यानं सरांना ओळखून अदबीनं नमस्कार केला.

"अरे, जरा साखळी काढ," मास्तर म्हणाले. "हिला लेकीकडे जायचंय. मीही चाललोय. उद्या परत येतो."

"सर, तुम्ही रहिवासी नाही."

"अरे, मी आहे मी."

"सर, तुम्हीच सांगितलंत. आज एक सोडला की उद्या सगळे येतात." त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. चांगल्या विद्यार्थ्याचा असतो तसा आवाज होता. त्यानं फलकाकडे बोट दाखवलं. मजकुरातला एक शब्द इकडचा तिकडे झालेला नव्हता. खाली फक्कीची रेघ होती, सरळ, धारदार. ती कोणाच्या हातची हे मास्तरांना सांगायची गरज नव्हती.

"बाजूच्या रस्त्याला लावतो मग."

"लगतचे रस्तेही, सर."

मागे दोन गाड्या येऊन थांबल्या आणि भोंगे वाजवायला लागल्या. पलीकडे फलाटावर गाडी येत असल्याचा आवाज झाला. मास्तरीणबाईंनी दार उघडलं. रस्त्याकडेला वाकून थोडा वेळ उभ्या राहिल्या, तोंड पुसलं, पिशवी घेतली.

"अगं, थांब. मी गाडी कुठेतरी टाकून येतो, तोवर..."

"गाडी थांबायची नाही," बाई म्हणाल्या. दोन पावलं गेल्या. मग परत फिरून खिडकीशी आल्या. मास्तरांना वाटलं, आता ही रागावेल, आणि रागावली तर बरं होईल.

"मी राहीन तिच्याकडे थोडे दिवस," त्या म्हणाल्या. "मला न्यायला येऊ नका."

"का?"

"गाडी कुठे लावाल?"

साखळीपाशी शिट्टी वाजली. त्यांचीच, भेट दिलेली. मास्तरांनी मुकाट्यानं गाडी पुढे घेतली.