वाघ पाहायला शिवलेला स्कर्ट

घरात शिलाई मशीन असलं की दोन गोष्टी साठत जातात. चिंध्या आणि किस्से. चिंध्यांचं निदान पायपुसणं तरी होतं, किस्स्यांचं काय करायचं? म्हटलं, सांगून मोकळं व्हावं!

आमचं गाव कळंब. माझ्या पुढच्या खोलीत लग्नातलं मशीन आहे आणि दुपारी पुरुष मंडळी घरात नसतात, एवढ्या भांडवलावर आमचा शिवणक्लास चालतो. शिकवणारं कोणीच नाही, त्यामुळे चुकलं तर दोष द्यायला सगळ्याच मोकळ्या. क्लासात मी, शेजारची मंगला, समोरच्या घरातली सुषमा आणि सुषमाच्या सासूबाई, म्हणजे कुसुमकाकू. काकू शिवायला येत नाहीत. सूप घेऊन तुरीची डाळ निवडायला येतात. त्यांच्या घरी जागा नाही असं नाही, पण तिथं बघायला काही नसतं!

या हिवाळ्यात क्लासचा विषय एकच होता, कमरेला इलास्टिकचा लांब स्कर्ट. कारण टिपेश्वरची सहल. मागच्या वर्षी आम्ही तिथं वाघ पाहायला गेलो होतो. उघड्या जीपमध्ये चढताना सुषमाची साडी पायात आली आणि ती अर्धी आत, अर्धी बाहेर लटकली. मागच्या जीपमधल्या लोकांना वाघ दिसला नव्हता, त्यांनी तिचाच व्हिडिओ काढला. बिचारी घरी येऊन रडली होती. यंदा तिनं निक्षून सांगितलं, "वहिनी, जाईन तं स्कर्ट घालून. नाई तं जातच नाई."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "आमच्या घरात लगन झालेली बाई स्कर्ट घालत नसते! अन् वाघ पाहाले इतक्या दूर कायले जाता वं? आमच्या लहानपणी बिबट वावरात येऊन जाये. पाच भावांत मी एकटी बहीण, पण दगड मारला तो मीच. भाऊ कापसाच्या पऱ्हाटीत लपले होते!"

"तेव्हा तुमच्या अंगात काय होतं, आई?" सुषमानं विचारलं.

"परकर-पोलकं."

"म्हणजे स्कर्टच की!"

काकूंना एकदम डाळीत खडा सापडला.

*

शिवायचं म्हणजे आधी कमरेचं माप हवं. इथंच क्लास अडला. आमच्या गावात बाई आपलं वय सांगेल, नवऱ्याचा पगार सांगेल, पण कमरेचा आकडा? मेली तरी नाही! मंगलानं टेप गुंडाळला, वाचला आणि म्हणाली, "हा टेपच खराब आहे."

शेवटी मी तोडगा काढला. प्रत्येकीनं घरी कमरेभोवती सुतळी धरायची, जिथं टोक भिडेल तिथं गाठ मारायची आणि सुतळी आणून मशीनजवळच्या खिळ्याला अडकवायची. आकडा नाही की बोभाटा नाही. तरी मंगला आणताना म्हणालीच, "ही माझी नाही हं ताई, माझ्या नणंदेची आहे."

एक दिवस वाऱ्यानं सगळ्या सुतळ्या खाली पडल्या आणि मिसळल्या. एक लांब, एक मध्यम, एक आखूड.

"यातली माझी कोणती?" मी विचारायच्या आत आखूड सुतळीवर तीन हात पडले! त्यातला एक माझाच होता, हेही सांगून टाकते.

*

मंगला सगळं मोबाइलवर शिकते. तिच्या व्हिडिओतली बाई हसत हसत सांगायची, "अगदी सोप्पं! कापडाची घडी घाला, कापा, शिवा, झालं!" त्या बाईच्या घरी दूधवाला येत नसावा, गॅस संपत नसावा, आणि नवरा तर नसावाच.

मंगलानं व्हिडिओ थांबवत थांबवत कापड कापलं. घडीची बाजू कुठली आणि उघडी बाजू कुठली, हे बघायच्या वेळी नेमकी जाहिरात लागली. तिनं घडीवरच कात्री चालवली. हातात दोन आखूड तुकडे आले. तेही तिनं हार न मानता जोडले, नेफा दुमडला, इलास्टिक घातलं. जे तयार झालं त्यात मंगला शिरेना.

संध्याकाळी तिचे मिस्टर ऑफिसातून आले. त्यांनी ती वस्तू उलटसुलट करून पाहिली आणि मनापासून दाद दिली, "वा! कूलरचं कव्हर मस्त जमलं!"

त्या दिवसापासून कळंबात सगळ्यात नीटनेटका कपडा मंगलाच्या कूलरच्या अंगावर होता. त्याला कंबर नव्हती, पण इलास्टिक मात्र छान बसलं होतं.

*

सुषमाला नवीन कापड आणायची सोय नव्हती. आणलं असतं तर काकूंनी त्याचे उशांचे अभ्रे शिवायला लावले असते. मग तिनं ट्रंक उघडली. ओटीत आलेले ब्लाउज पीस! प्रत्येक घरात असा एक गठ्ठा असतोच. त्याचा ब्लाउज कोणी शिवत नाही. तो कपडा पुढच्या हळदीकुंकवात दुसरीला देण्यासाठीच जन्माला आलेला असतो.

सुषमानं ते पीस उभे जोडून घेरदार स्कर्टची तयारी केली. जोडून झाल्यावर तिनं तो पलंगावर पसरला. मी सहज पाहिलं, तर मधोमध मोरपंखी पट्टा.

"हा तर मी मंगलाला दिला होता!" माझ्या तोंडून निघून गेलं.

मंगलाचा चेहरा उतरला. "मी... मी तो सुषमाला दिला. मला मोरपंखी शोभत नाही, ताई."

"असू दे," मी मोठ्या मनानं म्हटलं.

तेवढ्यात काकू सुपातून डोकं वर काढून म्हणाल्या, "तू कायले मोठेपणा करून राह्यली वं? तो पीस मीच तुले देल्ला होता. पोरीच्या बारशात!"

मी मोठं मन आवरलं आणि मशीन चालवायला घेतलं.

*

इलास्टिक ओवणं हे काम संसारासारखं आहे. सेफ्टी पिन पुढे जाते, मागचं टोक नेफ्यात गडप होतं, आणि पुन्हा पहिल्यापासून. आमचे हे एकदा दुपारी लवकर घरी आले. आमची झटापट पाहून म्हणाले, "इलास्टिक म्हणजे आपले पुढारी. निवडणुकीत वाटेल तेवढे वाकतात, ताणतात. एकदा काम झालं की सटकन जाग्यावर!"

"अन् पिन?" मंगलानं विचारलं.

"पिन म्हणजे मतदार. आत कुठं हरवला, कोणालाच माहीत नाही!"

आम्ही हसलो, आणि त्या हसण्याच्या नादात सुषमानं खरंच पिन आत ठेवून नेफा शिवून टाकला. स्कर्ट घालून ती पहिल्यांदा खुर्चीवर बसली आणि दुसऱ्या क्षणी किंचाळत उभी राहिली.

काकूंनी डाळ निवडणं थांबवलं नाही. शांतपणे म्हणाल्या, "पाह्य. साडी कधी चावली का तुले?"

*

सहलीच्या आदल्या दिवशी काकूंचा शेवटचा निकाल लागला. "घरातून निघताना अंगावर साडी पायजे. बस!"

सुषमा लगेच "हो" म्हणाली. इतक्या लगेच की मला संशय आला. सकाळी माझ्या कानात सांगितलं तिनं. परकराच्या जागी आत स्कर्ट घातला होता, वरून साडी, थंडी म्हणून ब्लाउजवर स्वेटर, आणि पिशवीत कुर्ती. टिपेश्वरच्या वाटेवर पांढरकवड्याला पोचलं की साडी पिशवीत, कुर्ती अंगात. काकूंचाही शब्द राहिला, हिचाही हट्ट राहिला!

एकच गोष्ट ती विसरली. साडी नाडीच्या भरवशावर उभी असते. परकराची नाडी करकचून आवळलेली असते म्हणून निऱ्या जागच्या हलत नाहीत. आणि सुषमानं, पोट भरून डबा खाता यावा म्हणून, इलास्टिक मुद्दाम ढिलं ठेवलं होतं.

गाडी दारात उभी. ड्रायव्हर हॉर्न मारतोय. काकू उंबऱ्यात. सुषमानं पाय उचलून गाडीच्या पायरीवर ठेवला आणि निऱ्या सगळ्याच्या सगळ्या रस्त्यावर आल्या! वर स्वेटर, खाली घेरदार स्कर्ट, मधोमध मोरपंखी पट्टा. समोरच्या पानठेल्यावरची माणसंसुद्धा वळून पाहायला लागली. सुषमाचे डोळे भरून आले. मला वाटलं, संपलं. आता ही घरात जाणार आणि पुन्हा कधी बाहेर निघणार नाही.

काकू उंबरा उतरून आल्या. तिच्या खांद्यावरची पिन काढली, साडी गोळा केली, झटकली, घडी घातली. मग सुनेभोवती एक चक्कर मारली.

"मागून शिवण वाकडी आहे," त्या म्हणाल्या. "जाय आता. गाडीवाला खोळंबला."

त्या दिवशी वाघ काही दिसला नाही. पण जीपमध्ये सगळ्यात आधी कोण चढलं, ते सांगायला नको.

*

परवा दुपारी काकू आल्या. हातात सूप नव्हतं. मंगला कूलरवरून काढलेलं कव्हर उसवत होती, सुषमा काजं करत होती, मी मशीनवर होते. काकूंनी दार लोटलं, पदराआडून एक सुतळी काढली आणि खिळ्याला अडकवली. सुतळीला व्यवस्थित गाठ होती.

"कोणाची हो, काकू?" मी विचारलं.

"माह्या बहिणीची. फुलसावंगीले असते. इलास्टिक आवळून घालजो, अन् शिवण सरळ मारजो."

कोणी मान वर केली नाही. सुषमानं सुईत पुन्हा दोरा ओवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "लांबी किती ठेवायची, आई?"

काकू दारापर्यंत गेल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "जीपमध्ये चढता आलं पायजे तिले."