गोजराबाईला कुणी बोललं नाही

मखमलाबादच्या गोजराबाईने लकवा झालेल्या सासूचं वर्षानुवर्षं केलं. पहाटे झेंडू तोडायचा, नवरा रंगनाथ तो विकायला पंचवटीत गेला की म्हातारीला न्हाऊ घालायचं, भरवायचं. ‘सून असावी तर अशी,’ असं भावकीत म्हणत.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत, फुलांच्या ऐन गडबडीत, म्हातारी तोंडातली पेज तिच्या अंगावर थुंकली. गोजराबाई म्हणाली, “असू द्या, आत्याबाई.” मनात म्हणाली, ‘मरत का नाही ही?’

सकाळी म्हातारी गेलेली होती.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. गोजराबाईने काही केलं नव्हतं, पण घास उतरेना. सासू जिवंत होती तोवर स्वयंपाकघरात गेलं की तिची नजर चुकायची. आता चुलीपुढेही चुकेना. तिला खात्री होती, दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवणार नाही, नणंद सगळ्यांदेखत विचारणार, ‘आईचा जीव कुणापायी अडकलाय?’ मग बोलावंच लागेल. वाक्य तिने तयार ठेवलं होतं.

पिंड ठेवून भटजी मागे सरले, तोच कावळा आला.

“शिवला!” वत्सलाबाईने, नणंदेने, हात जोडले. “आई तृप्त गेली.”

माणसं सुटल्यासारखी चपला शोधू लागली. गोजराबाई कावळ्याकडेच बघत होती.

घरी रंगनाथला सांगितलं, तर तो म्हणाला, “मी तर गडावरच्या देवीला साकडं घातलेलं, सोडव म्हातारीला म्हणून. येडी का तू?”

उरली वत्सलाबाई. तिच्या जिभेला सगळी भावकी भ्यायची. तेराव्याला जेवणं उरकल्यावर गोजराबाई तिच्यापुढे बसली.

“वन्सं, मी आत्याबाईंचं मरण चिंतलं. मला बोला. हवं तर मारा.”

वत्सलाबाईचेच डोळे भरले. “ऐका गं बायांनो! एवढं हागणं-मुतणं काढलं, वर जिवाला लावून घेतीय!” तिने पिशवीतून आईची पुतळ्यांची माळ काढली. “आम्ही ठरवलंच व्हतं. हिच्यावर तुझाच हक्क.”

नको म्हणेपर्यंत माळ गळ्यात पडली, मागे गाठ बसली. बायका कौतुकाने पुढे सरकल्या.

गोजराबाईचा हात गळ्याशी गेला. श्वास आत जाईना.

“वन्सं, जरा सैल करा.”

वत्सलाबाईने गाठीखाली बोट घालून पाहिलं.

“सैलच हाय की गं.”