पेंटरच्या हातातले तीन आणि सहा

मशीनने पुन्हा तीनला सहा म्हटलं होतं.

पुण्याच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये, माझ्या गाइडच्या टेबलावर प्रिंटआउट पसरला होता. सर लाल पेन्सिलीने चुकांभोवती गोल करत होते. थोड्या वेळाने त्यांनी पेन्सिलच खाली ठेवली.

“मॅडम, बाकीच्यांना मशीन मिळत नाही म्हणून माझ्याकडे तक्रारी येतात. दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर विषय बदला.”

“जमेल, सर.”

“कशावरून?”

मी प्रिंटआउट गुंडाळून पिशवीत घातला.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी सांगलीला इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायचे आणि पुण्यात पीएचडी करत होते. हाताने लिहिलेले मराठी आकडे कॉम्प्युटरला वाचायला शिकवणं, हा विषय. पद्धत मेंदूवरून उचललेली होती. मेंदूत पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात, शिकताना काही जोड घट्ट होतात, काही सैल पडतात, अशी कल्पना. आम्ही तेच आकडेमोडीत करायचो. आकडा चौकटीच्या कागदावर लिहायचा. शाई लागलेला चौकोन म्हणजे एक, कोरा म्हणजे शून्य. प्रत्येक चौकोनाला एक वजन, म्हणजे तो किती महत्त्वाचा हे सांगणारा आकडा, द्यायचं. उत्तर चुकलं की वजनं थोडी बदलायची आणि पुन्हा विचारायचं. हे सगळं पंच कार्डांवर, म्हणजे भोकं पाडलेल्या जाड कागदी कार्डांवर. शनिवारी कार्डांचा गठ्ठा एसटीने पुण्याला न्यायचा, खिडकीत द्यायचा. निकाल पुढच्या शनिवारी. एक स्वल्पविराम चुकला की आठवडा गेला.

छापील आकडे मशीन ओळखायचं. माणसांनी घाईत लिहिलेले आले की गडबडायचं, आणि सगळ्यात जास्त तीन आणि सहात.

सांगलीत आमच्या शेजारी डॉ. घाटगे राहायचे. मेंदूचे पेशंट बघायचे. माझं रडगाणं त्यांना पाठ झालं होतं. एके दिवशी म्हणाले, “तुमच्या मशीनसारखाच एक पेशंट आलाय. दिसतं, पण वाचता येत नाही. त्याची हरकत नसेल तर येऊन बसा.”

पेशंट विट्याचे इस्माईल पेंटर. पन्नाशीचे. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. विट्याची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. त्यातले कितीतरी जण गावी आले की पाटी इस्माईलभाईंकडूनच करून घेऊन जायचे. दोन महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हात-पाय वाचले, बोलणं वाचलं. उजवीकडचं नीट दिसत नव्हतं. आणि अक्षरं गेली.

डॉक्टरांनी कागद पुढे केला. “तुमचं नाव लिहा.”

त्यांनी लिहिलं. इतकं सुरेख अक्षर मी आजवर पाहिलेलं नाही. डॉक्टरांनी कागद काढून घेतला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि पाच मिनिटांनी तोच कागद समोर धरला.

“हे वाचा.”

इस्माईलभाईंनी मान उजवीकडे वळवून वळवून पाहिलं. “अक्षर झ्याक हाय. कुणाचं हाय, डाक्टर?”

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, हमिदाभाभींनी, तोंडाला पदर लावला. “आवं, तुमचंच की,” त्या म्हणाल्या.

इस्माईलभाईंनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

भाभींनी नंतर मला बाहेर सांगितलं. आजारातून उठल्यावर इस्माईलभाईंनी एक पाटी केली होती. मधलं एक अक्षर गळलं. गिऱ्हाईक सगळ्यांसमोर हसलं. तेव्हापासून ब्रश हातात घेतला नव्हता. “भिंतीकडं तोंड करून पडून असत्यात, बाई. मी काय करू?”

आत जाऊन मी इस्माईलभाईंना माझं काम सांगितलं. माझं मशीनही वाचू शकत नाही, हे ऐकून त्यांना जरा बरं वाटलं असावं. मी पर्समधून माझे चौकटीचे कागद काढले. पहिल्यावर तीन होता. ते बराच वेळ बघत राहिले. वैतागले. मग त्यांचं उजव्या हाताचं बोट टेबलावर हललं. वरून उजवीकडे, आत, पुन्हा उजवीकडे, खाली शेपूट.

“तीन,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. दुसरा कागद दिला. बोट डावीकडे गेलं. “सहा.”

“कसं ओळखलंत?”

“डोळ्याला न्हाई कळत. बोट फिरवलं की कळतंय.”

डॉक्टरांनी समजावलं. बघण्यापासून अक्षर ओळखण्यापर्यंतचा मेंदूतला रस्ता तुटला होता. हाताच्या हालचालीचा रस्ता शाबूत होता. माणूस अक्षर दोन वाटांनी ओळखतो. मी मात्र मशीनला एकच वाट दिली होती. शाई कुठे आहे एवढंच मी त्याला विचारत होते. रेघ कुठून कुठे गेली, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे इतक्या महिन्यांचा प्रोग्रॅम टाकून द्यायचा? एका पेशंटवरून?”

“टाकून नाही, सर. त्याच्या आधी एक भाग जोडायचा. वरच्या टोकापासून रेघेच्या मागे जायचं आणि दिशा लिहीत जायची. वजनं मग त्या दिशांना द्यायची.”

“दिवाळीपर्यंतच,” सर म्हणाले.

मी सुट्टीच्या दिवशी विट्याला जाऊ लागले. इस्माईलभाईंच्या ओसरीवर बसायचे, दहा आकडे पुन्हा पुन्हा काढायला लावायचे आणि हात कुठून निघतो, कुठे वळतो हे टिपून घ्यायचे. सुरुवातीला ते माझ्यासाठी म्हणून करायचे. मग शिकवायलाच लागले.

“बाई, तीनला हात आधी उजवीकडं जातोय, सहाला डावीकडं. कितीबी घाई करा, ह्यात बदल न्हाई.”

नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला, तर जुन्यापेक्षा वाईट निघाला. कारण शोधायला एक आठवडा गेला. कागदावर पेन अडखळलं की रेघ तुटायची. तुटली की प्रोग्रॅम तिथेच थांबायचा, अर्ध्या आकड्यावरून उत्तर द्यायचा. मी रडकुंडीला आले होते. विट्याला जाऊन तसं बोलून दाखवलं.

इस्माईलभाई हसले. “पत्र्यावर रंग तुटतोय की आमचा. हात थांबतोय व्हय? हात ज्या अंगाला चाललाय, त्याच अंगाला जातोय. पुढं रेघ घावतीच.”

मी परत आले आणि तेवढंच लिहिलं. रेघ तुटली तर आधीच्याच दिशेने दोन चौकोन पुढे बघ, सापडली तर चालू लाग. सगळी मिळून अकरा कार्डं. प्रत्येक कार्ड तीनदा तपासलं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सरांनी प्रिंटआउट उघडला. लाल पेन्सिल हातात होतीच. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या पानावर एक गोल पडला. सातला एक म्हटलं होतं. तीन आणि सहा मात्र सगळे आपापल्या जागी होते.

“हं,” सर म्हणाले. त्यांच्याकडून एवढंच मिळायचं. “मशीन टाइम चालू ठेवू.”

पुढे कळलं की रेघेच्या मागे जायची युक्ती परदेशात आधीच कुणी कुणी वापरली होती. आम्ही जगावेगळं काही केलं नव्हतं. पण माझी पुढची सगळी वर्षं, मेंदू काम कसं करतो ते बघून मशीनला शिकवण्यात गेली, त्याची सुरुवात ही. प्रबंधात आभाराच्या पानावर मी इस्माईलभाईंचं नाव डॉक्टरांच्या आधी घातलं. सरांनी भुवया उंचावल्या, पण खोडलं नाही.

इस्माईलभाईंचं वाचणं परत आलं नाही. पण त्यांनी कामाची नवी पद्धत बसवली. आधी खडूने पाटी आखायची. मग अक्षराअक्षरावरून, खडू पुसू न देता, बोट फिरवायचं आणि मोठ्याने म्हणायचं. भाभी ऐकून होकार द्यायच्या. मगच रंग. वेळ दुप्पट लागायचा. गिऱ्हाईक थांबायचं.

प्रबंधाची प्रत दाखवायला गेले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या नावावरून सावकाश बोट फिरवलं. मग विचारलं, “बाई, मशीन माझ्याकडनं शिकलं. उद्या पाट्याबी तेच करंल का?”

“छे! आकडे ओळखताना त्याची दमछाक होते. पाट्या कसल्या रंगवतंय?”

मला अगदी खात्री होती. पंधरा-वीस वर्षांनी कॉम्प्युटरवर चिकटवायची प्लास्टिकची अक्षरं कापून मिळायला लागली, मग फ्लेक्स आले आणि विट्यातले ब्रशवाले पेंटर एकेक करून दुसऱ्या कामाला लागले. इस्माईलभाई तोवर गेले होते, म्हणून माझं उत्तर त्यांच्यापुरतं खरं ठरलं. तेव्हापासून मशीनला काय जमेल, असं कुणी विचारलं तर मी सांगते. काय जमणार नाही, हे सांगायचं मात्र सोडून दिलं आहे.